लातूरचा नगराध्यक्ष, लोकसभेचा अध्यक्ष

शिवराज पाटील चाकूरकर १२ डिसेंबर २०२५ रोजी लातूरच्या ‘देवघर’ या आपल्या घरी वारले. वय नव्वद. देशभरातल्या बहुतेक बातम्यांनी त्यांची ओळख एकाच वाक्यात करून दिली: मुंबईवरच्या हल्ल्यानंतर राजीनामा द्यावा लागलेले केंद्रीय गृहमंत्री. जवळपास साठ वर्षांचं सार्वजनिक आयुष्य २००८ सालच्या नोव्हेंबरातल्या चार दिवसांवर येऊन थांबलं. लातूर जिल्ह्यातल्या उदगीर, देवणी, जळकोट, चाकूर या पट्ट्यात मात्र त्यांच्याबद्दल बोलणं निघालं की वेगळीच वाक्यं ऐकू येतात. कुणी म्हणतं, माणूस सभ्य, कधी कुणाला अरे-तुरे केलं नाही. कुणी म्हणतं, सात वेळा निवडून दिलं, पण आमच्या गावाला काय मिळालं? ही तिन्ही मतं खरी आहेत आणि तिन्ही अपुरी आहेत. या आयुष्याचा आढावा घ्यायचा तर सुरुवात दिल्लीत करून चालत नाही. ती लातूरच्या नगरपालिकेत करावी लागते.

ते गेले त्या दिवशी राज्यभरातल्या नगरपरिषदांची मतदानयंत्रं कुलूपबंद पडून होती. बहुतेक ठिकाणचं मतदान २ डिसेंबरला झालं होतं, मोजणी २१ तारखेला व्हायची होती. उदगीरसह गावोगावी नगराध्यक्ष कोण होणार यावर पैजा लागत असताना मराठवाड्यातला सर्वांत लांबचा पल्ला गाठलेला एक नगराध्यक्ष निघून गेला. हा योगायोग फारसा कुणी नोंदवला नाही.

त्यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९३५ चा, चाकूरचा. गाव तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. मुलकी भाषा उर्दू, घरातली मराठी, बाजारात कानडी आणि तेलुगू हे या भागाचं नित्याचं चित्र होतं, आणि शिकायला जायचं ते हैदराबादलाच. उस्मानिया विद्यापीठातून विज्ञानाची पदवी, मग मुंबई विद्यापीठातून कायद्याची, आणि नंतर लातूरला वकिली. राजकारणात त्यांना आणलं ते केशवराव आणि माणिकराव सोनवणे यांनी. केशवराव त्या काळचं लातूरच्या काँग्रेसमधलं वजनदार नाव, सहकार खात्याचे मंत्री. त्यांच्या पाठबळावर तरुण वकील पालिकेची निवडणूक लढला आणि १९६७ मध्ये नगराध्यक्ष झाला. १९६७ ते ६९ आणि पुन्हा १९७१-७२ अशा दोन खेपा त्यांनी ती खुर्ची सांभाळली.

१९६७ हे साल महत्त्वाचं आहे. तोपर्यंत राज्यातल्या नगरपालिका तीन वेगवेगळ्या कायद्यांच्या छत्राखाली चालत. पश्चिम महाराष्ट्रात मुंबई प्रांताचे कायदे, विदर्भात मध्य प्रांत-वऱ्हाडचा १९२२ चा आणि मराठवाड्यात हैदराबादचा १९५६ चा. १९६५ चा महाराष्ट्र नगरपालिका अधिनियम १९६७ च्या जूनमध्ये अमलात आला आणि लातूर, उदगीर, नांदेड, पुणे जिल्ह्यातलं जुन्नर आणि वऱ्हाडातलं अकोट पहिल्यांदा एकाच नियमावलीत आले. म्हणजे चाकूरकरांनी खुर्ची धरली तेव्हा मुख्याधिकाऱ्यापासून शिपायापर्यंत सगळ्यांनाच नवा कायदा शिकायचा होता. वकील नगराध्यक्षाला याहून चांगली शाळा मिळाली नसती.

पालिकेची सर्वसाधारण सभा ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही शाळा काय असते ते सांगायला नको. विषयपत्रिका आधी फिरलेली असते. पहिला विषय मागील सभेचं इतिवृत्त कायम करण्याचा, आणि तिथेच पहिला वाद पेटतो, कारण मागच्या वेळी आपण जे बोललो ते लिहिलंच नाही असं निदान एक सदस्य म्हणतोच. मग नळयोजना, नाली, दिवाबत्ती, मोंढ्याकडचा रस्ता, हातगाड्यांचा ठेका. प्रत्येक ठरावाला सूचक आणि अनुमोदक लागतो. शेवटी आयत्या वेळचे विषय, ज्यात खरी मेख असते. तेव्हा अध्यक्षाला नगरसेवकच निवडून देत. त्यामुळे समोर बसलेला प्रत्येक माणूस उद्या खुर्ची काढून घेऊ शकतो याची जाणीव ठेवून सभा चालवावी लागे. मतं समान पडली तर अध्यक्षाचं निर्णायक मत, पण ते वारंवार वापरणारा अध्यक्ष टिकत नाही. शिवाय स्थायी समिती आणि विषय समित्या: पाणीपुरवठा, बांधकाम, आरोग्य, शिक्षण. मोठ्या सभेत भाषणं होतात, काम समितीत होतं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवावं, पुढे त्याची गरज पडणार आहे.

नगरपालिकेतून थेट मोठ्या सभागृहाच्या आसनापर्यंत जाणारी वाट चाकूरकरांच्या आधीही होती. विठ्ठलभाई पटेल मुंबई महापालिकेचे अध्यक्ष होते आणि १९२५ मध्ये केंद्रीय कायदेमंडळाचे पहिले निर्वाचित भारतीय अध्यक्ष झाले. मूळ संगमेश्वर भागातल्या मराठी कुटुंबातले, बडोद्यात जन्मलेले गणेश वासुदेव मावळणकर १९३० ते ३३ आणि १९३५-३६ मध्ये अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष होते. ते पहिल्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. मनोहर जोशी १९७६-७७ मध्ये मुंबईचे महापौर होते आणि २००२ मध्ये लोकसभाध्यक्ष झाले. म्हणजे लोकसभेच्या आसनावर बसलेले मावळणकर, चाकूरकर आणि जोशी हे तिघेही मराठी माणसं, आणि तिघांनीही आधी आपापल्या शहराच्या सभागृहाचं आसन सांभाळलेलं. याला मी योगायोग मानत नाही. सभा चालवणं हे कसब आहे. ते पुस्तकात शिकता येत नाही आणि मंत्रालयात तर नाहीच नाही.

नांदेडचं उदाहरण शेजारचंच, पण वेगळ्या वळणाचं. शंकरराव चव्हाण १९५२ ते ५६ या काळात नांदेड नगरपालिकेचे अध्यक्ष होते. तिथून ते द्विभाषिक राज्याच्या मंत्रिमंडळात गेले, पुढे पाटबंधारे खातं घेतलं आणि आयुष्यभर कारभाराच्या बाजूला राहिले. दोनदा मुख्यमंत्री, केंद्रात अर्थ, संरक्षण, गृह. फाईल वाचणारा, अधिकाऱ्यांना घाम फोडणारा माणूस. चाकूरकरांचा पिंड त्यांच्या उलट होता. १९९१ ते ९६ या पाच वर्षांत नांदेडचे माजी नगराध्यक्ष देशाचे गृहमंत्री होते आणि लातूरचे माजी नगराध्यक्ष लोकसभेचे अध्यक्ष. दोघेही आपापल्या स्वभावाच्या जागी होते.

१९७३ मध्ये चाकूरकर लातूरमधून विधानसभेत गेले. १९७४-७५ मध्ये सार्वजनिक उपक्रम समितीचे अध्यक्ष, मग विधी व न्याय, पाटबंधारे, राजशिष्टाचार खात्यांचे उपमंत्री, १९७७ मध्ये विधानसभेचे उपाध्यक्ष आणि १७ मार्च १९७८ पासून अध्यक्ष. त्या विधानसभेइतकं अस्थिर सभागृह महाराष्ट्राने तोवर पाहिलं नव्हतं. दोन काँग्रेस एकत्र येऊन वसंतदादा पाटलांचं सरकार उभं राहिलेलं, आणि जुलै १९७८ मध्ये अधिवेशन चालू असताना शरद पवार बाहेर पडले, सरकार कोसळलं, १८ जुलैला त्यांचं पुरोगामी लोकशाही दलाचं, म्हणजे पुलोदचं, सरकार आलं. सत्ता बदलली, मुख्यमंत्री बदलला, विरोधी बाक बदलले. अध्यक्ष तेच राहिले, थेट डिसेंबर १९७९ पर्यंत. पक्षांतरबंदी कायदा नसलेल्या त्या दिवसांत दोन्ही बाजूंना चालणारा अध्यक्ष असणं ही किती अवघड गोष्ट होती, हे गेल्या काही वर्षांतला महाराष्ट्र पाहिलेल्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही.

१९८० मध्ये त्यांनी लोकसभा लढवली. लातूरची ती जागा १९७७ मध्ये शेतकरी कामगार पक्षाच्या भाई उद्धवराव पाटलांनी काँग्रेसकडून हिसकावली होती. चाकूरकरांनी ती परत मिळवली आणि १९८०, ८४, ८९, ९१, ९६, ९८, ९९ अशा लागोपाठ सात निवडणुका जिंकल्या. यात १९८९, ९६ आणि ९८ हेही आले, ज्या वर्षांत काँग्रेसचं देशात पानिपत झालं. या विजयांमागे उदगीर-निलंगा भागातला लिंगायत समाजाचा आधार होता हे खरंच. पण तेवढ्यावर सात वेळा कुणी निवडून येत नाही. सहकारी कारखाना, बँक, दूध संघ यांतलं काहीच हातात नसलेला मराठवाड्यातला हा एक दुर्मीळ मोठा नेता होता. त्यामुळे त्यांच्याशी गावोगावच्या गटातटांचं वैरही नव्हतं. त्यांचा हा फायदा होता आणि मर्यादाही, त्याकडे पुढे येतो.

केंद्रातली राज्यमंत्रिपदं पटकन सांगून पुढे जाऊ. इंदिरा गांधी आणि राजीव गांधी यांच्या मंत्रिमंडळांत संरक्षण, वाणिज्य, विज्ञान-तंत्रज्ञान, अणुऊर्जा, अवकाश, पुढे नागरी विमान वाहतूक. विज्ञानाचा पदवीधर म्हणून विज्ञान खात्यात ते रमले. पण या दशकातली त्यांची ठळक म्हणावी अशी एक मोहीम सांगायची तर हात आखडतो.

१९९० मध्ये ते लोकसभेचे उपाध्यक्ष झाले आणि १० जुलै १९९१ रोजी अध्यक्ष. माझ्या मते इथून पुढची पाच वर्षं हाच त्यांच्या आयुष्याचा गाभा आहे. नरसिंह राव यांचं सरकार अल्पमतातलं. बाहेर अयोध्या, आत आर्थिक धोरणांवरून रणकंदन. २८ जुलै १९९३ चा अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ अशा फरकाने फेटाळला गेला आणि त्या मतांच्या खरेदीचं प्रकरण पुढे वर्षानुवर्षं गाजलं.

त्याच वर्षीच्या मे महिन्यातला एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांना पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव लोकसभेत आला. स्वतंत्र भारतात असं पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे मागे वळून पाहायला दाखला नव्हता. सोमनाथ चटर्जींनी प्रस्ताव मांडला. न्यायमूर्तींच्या वतीने वकील कपिल सिब्बल सभागृहाच्या कठड्यापाशी उभे राहून तासन्‌तास बोलले. खासदारांच्या सभेला त्या दिवशी न्यायालयासारखं बसायचं होतं, आणि ते बसवायचं काम आसनाचं होतं. ११ मे रोजी मतदान झालं. बाजूने १९६, विरोधात एकही नाही, २०५ सदस्य तटस्थ. एकूण सदस्यसंख्येचं बहुमत नसल्याने प्रस्ताव पडला. तटस्थ राहिलेले काँग्रेसचे होते आणि अध्यक्षही मूळचे त्याच पक्षाचे. निकालावर खूप टीका झाली, ती योग्यच होती. पण सभागृह ज्या रीतीने चाललं त्यावर बोट ठेवता येत नाही.

याहून मोलाचं, आणि याहून कमी बोललं गेलेलं काम म्हणजे विभागनिहाय स्थायी समित्या. १९९३ पर्यंत अर्थसंकल्पी मागण्यांचं काय होई? दोन-तीन खात्यांवर चर्चा, वेळ संपला की बाकीच्या सगळ्या मागण्या एका दमात मंजूर. हजारो कोटी रुपये एकाही खासदाराने कागद न उघडता संमत होत. १९८९ मध्ये शेती, विज्ञान आणि पर्यावरण या विषयांसाठी तीन समित्या करून पाहिल्या होत्या. १९९३ च्या मार्चअखेर त्यांच्या जागी सतरा समित्या आल्या. प्रत्येकीत ४५ सदस्य, ३० लोकसभेचे, १५ राज्यसभेचे. सगळी मंत्रालयं त्यांच्यात वाटून दिलेली. मागण्या आधी समितीकडे, विधेयकं समितीकडे, सचिवांना समोर बसवून प्रश्न. दार बंद, कॅमेरा नाही, म्हणून पक्षाची झूल उतरवून बोलता येतं. २००४ मध्ये त्यांची संख्या २४ झाली. आज एखादं विधेयक समितीकडे न पाठवता रेटलं की विरोधक जो आरडाओरडा करतात, तो या १९९३ च्या घडीचा हवाला देऊनच.

याचं सगळं श्रेय एका माणसाला देणं बरोबर नाही. मागणी जुनी होती आणि सर्व पक्षांचा हातभार होता. पण आसनावर त्या वेळी अशी व्यक्ती होती, जिने ‘मोठ्या सभेत भाषणं, समितीत काम’ हा धडा पंचवीस वर्षांपूर्वी लातूरच्या पालिकेत घेतला होता. मला हा धागा फार खरा वाटतो. प्रश्नोत्तराच्या तासाचं थेट प्रक्षेपण १९९४ च्या डिसेंबरपासून सुरू झालं तेही त्यांच्याच कारकिर्दीत. संसदेच्या नव्या ग्रंथालयाचं भूमिपूजन त्याच वर्षी त्यांच्या हस्ते झालं.

आणि ३० सप्टेंबर १९९३. पहाटे किल्लारी-सास्तूर परिसर हादरला, सुमारे आठ हजार माणसं गेली. स्वतःच्या मतदारसंघाच्या जिल्ह्यावर एवढा मोठा आघात झालेला, आणि खासदार पक्षातीत आसनावर. मंत्री असते तर मदतीचं सूत्र हाती घेता आलं असतं. पुढे बारा वर्षांनी, २००५ मध्ये, ते गृहमंत्री असताना देशाचा पहिला आपत्ती व्यवस्थापन कायदा संसदेत मंजूर झाला. भूकंपग्रस्त जिल्ह्याच्या माजी खासदाराच्या काळात हा कायदा व्हावा हे उचित होतं, आणि त्यांच्या गृहमंत्रिपदाच्या हिशेबात ही नोंद कुणी करत नाही याचं मला वाईट वाटतं.

मात्र त्या पदाचा एकूण हिशेब त्यांच्या बाजूचा नाही. २००४ मध्ये भाजपच्या रूपाताई पाटील निलंगेकर यांनी त्यांचा पराभव केला. रूपाताई माजी मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकरांच्या स्नुषा, म्हणजे काँग्रेसच्या घरातलीच लढाई. देशात काँग्रेस सत्तेवर आली, लातूरमध्ये पडली, आणि पडलेला उमेदवार राज्यसभेच्या मार्गाने देशाचा गृहमंत्री झाला. इथेच चूक झाली असं मी मानतो. चूक नैतिक नव्हती, नेमणुकीची होती. जुलै २००६ मध्ये मुंबईच्या लोकल गाड्यांत स्फोट, सप्टेंबरात मालेगाव, पुढच्या वर्षी हैदराबाद, २००८ मध्ये जयपूर, अहमदाबाद, दिल्ली. प्रत्येक वेळी गृहमंत्री शांत, संयत आणि सर्व बाजू मांडणारे. आसनावर बसलेल्या माणसाचा हा गुण लोकांना गृहमंत्र्यात नको होता. त्यांना निर्णय हवा होता. १३ सप्टेंबर २००८ च्या दिल्ली स्फोटांच्या रात्री त्यांनी कपडे किती वेळा बदलले यावर वाहिन्यांनी दिवस काढले. ती चर्चा उथळ होती. खरा प्रश्न विचारायचा होता तो वेगळा: राष्ट्रीय सुरक्षा रक्षकांची तुकडी दिल्लीजवळच्या मानेसरहूनच का यावी लागते, आणि देशाला एक तपास यंत्रणा का नाही? या दोन्ही गोष्टी ते पदावरून गेल्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत हलल्या. राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदा डिसेंबर २००८ मध्येच झाला. म्हणजे त्या शक्य होत्या. साडेचार वर्षांत त्या झाल्या नाहीत, ही जबाबदारी त्यांचीच.

मुंबईवरच्या हल्ल्यानंतर ३० नोव्हेंबरला त्यांनी राजीनामा दिला. पाठोपाठ मुख्यमंत्री विलासराव देशमुखांनाही पायउतार व्हावं लागलं. एक चाकूरचा, एक बाभळगावचा. एकाने सुरुवात नगराध्यक्षपदापासून केली, दुसऱ्याने सरपंचपदापासून. एकाच आठवड्यात एकाच जिल्ह्याच्या दोन मोठ्या खुर्च्या गेल्या, आणि मुख्यमंत्रिपद नांदेडच्या अशोक चव्हाणांकडे आलं. त्याआधी २००७ मध्ये राष्ट्रपतिपदासाठी चाकूरकरांचं नाव जोरात होतं. डाव्यांनी विरोध केला आणि प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या. २०१० ते २०१५ ही पाच वर्षं ते पंजाबचे राज्यपाल आणि चंडीगडचे प्रशासक होते. मग लातूर.

आता उदगीरचा प्रश्न: आम्हाला काय मिळालं? त्यांच्या गृहमंत्रिपदाच्या काळात चाकूरला सीमा सुरक्षा दलाचं आणि लातूरला केंद्रीय राखीव पोलीस दलाचं प्रशिक्षण केंद्र आलं. लातूरची रेल्वे रुंद झाली. उदगीर मात्र निजामाच्या काळातल्या विकाराबाद-परळी मार्गावर आहे तिथेच आहे. १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला तेव्हापासून उदगीर जिल्ह्याची मागणी उभी आहे. दर निवडणुकीत तिला पालवी फुटते आणि निकालानंतर ती वाळते. एकेकाळी नावाजलेला शासकीय दूध भुकटी प्रकल्प बंद पडून वर्षं लोटली. देवणी गाईच्या मुलखात दुधाची भुकटी करणारा कारखाना बंद असणं ही साधी गोष्ट नाही. जिल्हा आणि दूध भुकटी हे दोन्ही विषय राज्याचे, खासदाराच्या थेट अखत्यारीतले नव्हेत, असं त्यांच्या बाजूने म्हणता येईल. तरी सात वेळा निवडून आलेल्या, विधानसभा आणि लोकसभा दोन्हींच्या अध्यक्षपदी राहिलेल्या माणसाचा शब्द मुंबईत वजनाचा होता. तो त्यांनी उदगीरसाठी पुरेसा खर्च केला नाही, असं इथल्या जुन्या कार्यकर्त्यांचं म्हणणं मला पटतं. संस्था नाही, कारखाना नाही, म्हणून वैरी नाहीत. पण त्याच कारणाने गावपातळीवर अडून बसणारी माणसंही त्यांच्यामागे उभी राहिली नाहीत. २००४ ला ते दिसलं.

लातूर शहराचं पाहा. ज्या पालिकेचे ते दोनदा अध्यक्ष होते, ती २०११ मध्ये महापालिका झाली. आणि एप्रिल २०१६ मध्ये त्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. याचा दोष एका नेत्यावर टाकणं अन्यायाचं ठरेल. पण दोन मुख्यमंत्री, एक लोकसभाध्यक्ष, एक गृहमंत्री दिलेल्या जिल्ह्याने पाण्याची तरतूद कोणाकडे सोपवली होती, हा प्रश्न विचारायलाच हवा. नांदेडच्या शंकररावांनी जायकवाडी आणि विष्णुपुरी मागे ठेवली. मांजरा-तेरणेच्या खोऱ्याला तसा आग्रही माणूस मिळाला नाही.

२००९ पासून लातूर लोकसभा आणि उदगीर विधानसभा दोन्ही अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत, आणि त्या पिढीच्या घराण्यांची गणितं बदलली आहेत. चाकूरकरांच्या स्नुषा अर्चना पाटील २०२४ मध्ये भाजपमध्ये गेल्या आणि लातूर शहरात अमित देशमुखांकडून हरल्या. घराणं, पक्ष, जागा या अंगाने पाहिलं तर त्यांचा वारसा विस्कटला आहे.

कामाच्या अंगाने पाहायचं तर साधनं आहेत. लोकसभेतल्या त्यांच्या पाच वर्षांची कार्यवाही आज घरबसल्या वाचता येते. विधानमंडळातल्या १९७८-७९ च्या चर्चा मुंबईत ग्रंथबद्ध आहेत. राहतात ती लातूर नगरपालिकेची १९६७ ते १९७२ ची इतिवृत्तं: सभा किती वेळ चालल्या, विरोधी सदस्याला किती बोलू दिलं, आयत्या वेळचे विषय कसे हाताळले, निर्णायक मत कितीदा वापरलं. ती दप्तरं शोधून, झाडून, वाचून एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंध लिहावा. उदगीरच्या महाविद्यालयांत राज्यशास्त्र शिकणाऱ्या मुलांना लातूर जेमतेम दीड-दोन तासांवर आहे.